मुकी धवलेरी

डोंगरपाडा, ता. तलासरी
६ जानेवारी २०२५

चि. रविना हिस रखमीआत्याचे आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

फोन केला नाही, कारण आमच्याकडे रेंज मध्येच जाते आणि राग अर्धाच पोचतो. हा कागद तुषारच्या जीपमधून डहाणूला पाठवते आहे. पूर्ण वाच.

तू जिथे काम करतेस त्या संस्थेची पुस्तिका पाड्यात आली. कव्हरवर माझा फोटो आहे. चांगला आलाय, लुगडं नवं दिसतं. खाली छापलंय की नेतृत्व शिबिराआधी रखमीताई चार माणसांत बोलत नव्हत्या, आज त्या गावाचा आवाज आहेत.

रविना, मी धवलेरी आहे. तुझ्या मॅडमना ठाऊक नसेल तर सांग, की आपल्यात लग्न भटजी लावत नाही. धवलेरी गाण्यांतून देवांना मांडवात बोलावते, मग लग्न लागतं. सासूबाईंच्या मागे बसून शिकले आणि गेली वीसेक वर्षं मीच पुढे बसते. समोर सारा पाडा असतो, चार माणसं नसतात. मी मुकी होते तर त्या सगळ्या जोड्या बिनलग्नाच्याच नांदतात की काय? त्यांची पोरं शाळेत जातात.

पाड्यातल्या हाल्याच्या मुलीचं लग्न मी लावायचं ठरलं होतं. नवऱ्याकडची माणसं उधव्याची, मला ओळखत नाहीत. त्यांच्यातल्या कुणीतरी पुस्तिका वाचली आणि म्हणालं, ही बाई दोन वर्षांपूर्वी, शिबिराआधी, बोलतही नव्हती, हिला एवढी गाणी कधी आली? हाल्याने खाली बघत मला सांगितलं की शितलला बोलावलंय. शितलला मीच शिकवते आहे. बाजारात शुक्री मला पाहून म्हणाली, सरका, मुकी धवलेरी आली. तुझे चिमणकाका हसले. त्यांना त्या दिवशी घरी चहा मिळाला नाही.

तुझं लग्न मार्चमध्ये. मी येईन, पाहुणी म्हणून, मागच्या रांगेत बसेन. गाणी तुझ्या मॅडमना म्हणायला सांग. मला आवाज त्यांनीच दिलाय म्हणे.

माया कमी झालेली नाही, हे लिहावं लागतंय याचाही राग आहे.

तुझी आत्या
रखमी


डहाणू
९ जानेवारी २०२५

ती. आत्यास रविनाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुषार दरवेळी तुझ्याकडची वालाच्या शेंगांची पिशवी आणतो. या वेळी नुसता कागद दिला, तेव्हाच समजलं.

मी लिहिलं होतं की रखमीताई ग्रामसभेत बोलत नव्हत्या. तसं तूच मला सांगितलं होतंस. कव्हरवर आटोपशीर हवं म्हणून ग्रामसभा गेली आणि चार माणसं आली. मी मॅडमकडे जाऊन भांडले. त्या वाईट नाहीत गं. त्यांचं म्हणणं, पैसे देणाऱ्यांना फरक दिसला पाहिजे. मूल्यमापनात प्रत्येक बाईला आधीचे आणि नंतरचे गुण द्यायचे असतात, पाचापैकी. बोलण्याचे तुझे आधीचे गुण मी पाच दिले होते. त्यांनी दोन केले. आधीच पाच असतील तर कार्यक्रमाने काय केलं, असं लोक विचारतील म्हणाल्या. पुढची तीन वर्षं कार्यक्रम चालणार की नाही, ते या अहवालावर आहे. माझी नोकरीही.

चोवीस तारखेला डहाणूत समारंभ आहे. 'मी पूर्वी कशी होते' या विषयावर तू स्टेजवर बोलावंस असं त्यांना वाटतं. मी आग्रह करत नाही, नुसतं कळवते.

पण एक खरं सांग. शिबिराने काहीच दिलं नाही का? तसं असेल तर मी तसंच लिहीन. फक्त लग्नाचं असं बोलू नकोस. आई ऐकून रडली, मग तुझ्यावर चिडली, मग माझ्यावर. आता दोघींच्या मध्ये मी सापडले आहे.

रागासकट लोभ असू दे.

तुझी
रविना


डोंगरपाडा
२० जानेवारी २०२५

चि. रविना हिस आशीर्वाद.

समारंभाला मी येणार नाही. मी मुकी होते हे मी माईकवर बोलून दाखवायचं, यात तुमच्यापैकी कुणालाच काही विचित्र वाटलं नाही?

शिबिराने दिलं, खोटं का सांगू. ग्रामसभेत मी गप्प असायचे ती भीतीने नव्हे. तिथे कुणी विचारतच नव्हतं, सह्या घेऊन घरी पाठवायचे. ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही, हे शिबिरात कळलं. शेजारच्या पाड्यांतल्या बायका तिथेच ओळखीच्या झाल्या. आपल्या पाड्यातल्या कविताच्या बाळंतपणात कळा सुरू झाल्या तरी जीप मिळेना, तेव्हा आम्ही सगळ्या मिळून ग्रामसभेत बसलो. कासा गावच्या दवाखान्यापर्यंत गाडीची सोय ठरावात लिहून घेतली, मोठ्याने वाचून घेतली, मग उठलो. कुणी वाट दाखवली तर मी त्याचं नाव घेते. पण पायही त्यांनीच दिले असं छापायचं?

परवा हाल्याकडचं लग्न झालं. शितल मध्येच अडकली. मांडव माझ्याकडे बघायला लागला. मी जरा वेळ बघू दिलं. मग उधव्याची वरमाई उठून आली आणि तिने माझा हात धरला. मी म्हटलं, बाई, आधी पुस्तिकेत बघा, मला बोलता येतं का. हाल्याला हसू आलं, मला नाही. मग शितलचा घाबरलेला चेहरा दिसला, म्हणून तिच्या शेजारी बसले आणि पुढचं गाणं उचललं.

मांडवातलं मिटलं. कागदावरचं नाही. ती पुस्तिका तुषारच्या जीपच्या काचेपाशी अजून पडलेली असते, येणारा-जाणारा चाळतो. तुझ्या लग्नाबद्दल माझं तेच म्हणणं आहे.

आईला विचारलं म्हणून सांग. माझ्यावर चिडायचा तिला हक्क आहे, तुला नाही.

तुझी आत्या
रखमी


डहाणू
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. नमस्कार वि. वि.

तुला न विचारता एक केलं. समारंभात तुझं नाव पुकारलं, तू नव्हतीस, म्हणून मी उठले आणि तुझं पत्र वाचलं. वाट आणि पायांचं, कविताचं, सगळं. पाहुणे काहीबाही लिहून घेत होते. मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, धवलेरी म्हणजे नक्की काय.

मग मी शिबिराला आलेल्या बायकांकडे पुन्हा गेले. या वेळी आधी हेच विचारलं, की शिबिराच्या आधी तुम्ही काय सांभाळत होता? चिंचणीच्या काळी नावाच्या बाईने हसून सांगितलं, मासळीबाजारात भांडण झालं की तिलाच बोलावतात. लाडकी नावाची बाई तिच्या पाड्यातली बाळंतपणं करत होती. आमच्या कागदांवर या सगळ्यांना आधीचे दोन गुण होते. ते खोडून मी अहवाल नव्याने लिहिला, आणि शिबिराने काय दिलं तेही लिहिलं. मॅडमनी सही केली, जोराने केली, कागद फाटेल असं वाटलं.

जुन्या पुस्तिका मी गावागावांतून परत घेतल्या, तुषारच्या काचेपाशीचीही. नवीवर छापलंय, 'रखमीताई वीस वर्षं धवलेरी आहेत. आता ग्रामसभाही त्यांचं ऐकते.' कार्यक्रमाचं आणि माझ्या नोकरीचं अजून काही कळलेलं नाही.

आता तूच सांग, मांडवात कुठे बसणार?

वाट बघणारी
रविना


डोंगरपाडा
१७ फेब्रुवारी २०२५

चि. रविना हिस अनेक आशीर्वाद.

नवी पुस्तिका मिळाली. फोटो तोच आहे, लुगडं तेवढ्यात जुनं झालं. हाल्या बाजारात सगळ्यांना कव्हर वाचून दाखवतो, जसं काही त्यानेच लिहिलं. शुक्री आता सरका म्हणत नाही, नुसती सरकते. माझं पत्र परक्या माणसांपुढे वाचलंस त्याबद्दल भेटल्यावर बोलेन. शेंगा पाठवल्या आहेत, आईला अर्ध्या दे.

मागच्या रांगेत मला काही दिसत नाही, तेव्हा पुढेच बसेन. साथीला शितल असेल. नोकरी राहो न राहो, तुझ्या मॅडमना लग्नाला बोलाव आणि अगदी समोर बसव. मी पहिलं गाणं उचललं की त्यांच्या कानात सांग, हे आधीचं आहे.

तुझी आत्या
रखमी धवलेरी