वाढत्या अंगाचा बोर्ड

बाबा, तुम्हाला लिहायला बसले आहे ती आठवण आली म्हणून नाही, राग आला म्हणून. राग तुमचाच आहे आणि त्याचं कारण आहे तो कॉम्प्युटर, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही घेऊन दिलेला. तो अजून आहे. हॉलच्या कोपऱ्यात आहे, त्याच्यावर मी अजून गेम खेळते, आणि त्याचा प्रोसेसर बदलायचा की सगळंच धूड उचलून भंगारात द्यायचं, यावरून गेले काही आठवडे घरात माझी यथेच्छ चेष्टा चालली आहे. "एखाद्या वस्तुसंग्रहालयाला विचार," नवरा म्हणतो, "घेतील का शंका आहे, पण विचारायला काय जातं." तो नारायण पेठेत वाढलेला आहे, त्याला सरळ वाक्य बोलता येत नाही. पण मुद्दा त्याचा बरोबर आहे. ज्या गेमच्या दुसऱ्या भागाची मी वर्षानुवर्षं वाट पाहत होते तो अखेर आला, मी हौसेनं घेतला, आणि त्यातला माझा घोडा उडी मारतो आणि हवेतच अडकतो. तो खाली येईपर्यंत कुणीतरी मला मारून गेलेलं असतं. नोकरी लागल्यावर ग्राफिक कार्ड मी चांगलं घातलं होतं, पण प्रोसेसर तोच, तुम्ही निवडलेला. दुकानातला सगळ्यात अशक्त.

तो दिवस मला लख्ख आठवतो. तुम्ही कारखान्यातून अर्धी रजा टाकली होती आणि खडकीहून आपण स्कूटरवर पेठेत गेलो. तुम्ही बाहेर जायचा इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू कुणाकडे बोलणी करायला निघालोय. दुकानदार काउंटरमागे, चष्मा नाकावर, एका वेळी एकाच गिऱ्हाइकाशी बोलणार. मला नेमकं काय हवं होतं ते मी त्याला सांगितलं: मदरबोर्ड साधा चालेल, प्रोसेसर चांगला द्या. तो मान डोलावत होता. तेवढ्यात तुम्ही मध्ये पडलात. "उलटं करा न भाऊ. बोर्ड मोठा द्या. प्रोसेसर आता लहानच ठेवा, पुढच्या वर्षी मोठा बसवू. वाढत्या अंगाचं घेतलेलं बरं." दुकानदारानं चष्म्यावरून तुमच्याकडे पाहिलं. "काका, कॉम्प्युटरला अंग नसतं वाढायला." तुम्ही जराही डगमगला नाहीत. "वापर तर वाढते न," म्हणालात. मी शरमेनं लाल झाले होते. आणि घरी जे आलं ते हे: चार रॅम बसतील अशा खाचांत एक रॅम, दोन कार्डांच्या जागेत एकही नाही, एवढा थोरला डबा, आणि आत निम्म्याहून जास्त हवा.

वाढत्या अंगाचं. हे दोन शब्द ऐकले की आजही माझं डोकं फिरतं. माझं सगळं लहानपण तुम्ही वाढत्या अंगाचं घेतलंत. शाळेचे बूट एक नंबर मोठे, पुढे कापसाचा बोळा. गणवेशाचा पिनाफोर गुडघ्याच्या खूप खाली, आई आतून भलीमोठी दुमड घालायची आणि दर जूनमध्ये ती उसवायची. वरचं कापड धुऊन धुऊन फिकं झालेलं असायचं आणि उसवलेल्या जागी गडद निळी पट्टी. माझी कुठली इयत्ता आहे ते शाळेतल्या मुली त्या पट्ट्या मोजून सांगायच्या. सायकल घेतलीत तर पाय पेडलला टेकेनात. आणि गंमत बघा, बूट पायात नीट बसायला लागायचे तोवर त्यांचा तळ गेलेला असायचा. मला बसेल असं, त्याच दिवशी बसेल असं, एकही वस्तू तुम्ही मला कधी घेऊन दिली नाहीत. स्वतःसाठी मात्र तुम्ही असा वाव कधी ठेवला नाहीत. तुमचे शर्ट खांद्यात काचत असायचे आणि तुम्ही म्हणायचात, "मला काय करायचं आहे आता." तेव्हा तुमची चाळिशीही उलटली नव्हती.

कॉम्प्युटर आल्याच्या पुढच्या वर्षी मी प्रोसेसरचं विचारलं. तुम्ही म्हणालात, थांब, अजून स्वस्त होते. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मी खेळायला बसले की तुम्ही ड्यूटीवरून आल्यावर शेजारी स्टूल ओढून बसता, चहाचा कप मांडीवर, आणि पडद्यावर एकेक चित्र अडखळत पुढे सरकताना पाहून विचारता, "हा सिनेमा आहे का फोटोचा अल्बम?" मी चिडून म्हणते, "हेच तर सांगतेय ना तुम्हाला!" तुम्ही शांतपणे म्हणता, "चालते न पण?" आई स्वयंपाकघरातून हसते. मला त्या वेळी तुम्हा दोघांचाही भयंकर संताप येतो. तुमच्या बाजूनं विचार करायला मी फार पुढे शिकले. स्कूटरसाठी नंबर लावून तुम्ही वर्षांमागून वर्षं थांबला होतात. टेलिफोनसाठी तसंच, गॅससाठी तसंच. मग बाजार खुला झाला, दुकानं भरभरून वाहायला लागली, आणि आपल्या क्वार्टर्समधल्या प्रत्येकानं धावत जाऊन काही ना काही आणलं. तुम्ही एकट्यानंच त्याचा उलटा अर्थ लावलात. आता सगळं केव्हाही मिळतं, मग आजच कशाला? कारखान्यात तुमची लेथ तुम्ही नोकरीला लागायच्या आधीपासूनची होती आणि तिला हवा तो जोड केव्हाही बसवता यायचा. यंत्र असंच असतं, असं तुम्ही धरून चाललात. मिळायला लागलेली वस्तू पुन्हा मिळेनाशी होते, हे तुमच्या डोक्यातच आलं नाही.

आणि हेच तुम्ही स्वतःच्या छातीच्या बाबतीतही केलंत. जिना चढताना दम लागायचा. आई म्हणायची, दाखवून घ्या. तुम्ही म्हणायचात, पुढच्या महिन्यात पाहू, कारखान्याचंच तर हॉस्पिटल आहे, कुठं पळून जाते. हॉस्पिटल कुठंही पळून गेलं नाही, बाबा. अजून तिथंच आहे. माझी हिंजवडीतली नोकरी नवीन होती, कंपनीच्या बसमध्ये मला फोन आला आणि बस वाकडच्या पुढे हलेना. माझ्या आयुष्यात मी इतकी कुणावर चिडले नसेन जितकी त्या बसमध्ये तुमच्यावर चिडले होते. लोकांना वाटलं मी रडतेय.

परवा शनिवारी मी तो डबा रिक्षात घालून त्याच दुकानात नेला. दुकानदार तोच, केस पांढरे झालेत, चष्मा अजून नाकावरच. "मुलासाठी का?" त्यानं विचारलं. "माझ्यासाठी," मी म्हणाले. "तुम्ही खेळता?" "हो. परवानगी काढावी लागते का?" त्यानं डबा पुढे ओढून झाकण उघडलं. बराच वेळ आत पाहत राहिला. मग म्हणाला, "बोर्ड एवढा चांगला आणि प्रोसेसर असा का हो?" मला हसावं की ओरडावं कळेना. म्हटलं, "माझ्या वडिलांनी पुढे बदलायचा म्हणून ठेवला होता. तुमच्याच दुकानातून घेतलाय." त्यानं सांगितलं की हे सॉकेट केव्हाच बंद झालं, आताचे प्रोसेसर यात बसायचेच नाहीत. कंपन्या पिना बदलतात, पिना बदलल्या की धडधाकट बोर्ड बाद. मी तावातावानं म्हणाले, "म्हणजे तो वाव वगैरे सगळी फसवणूकच होती!" तर तो एकदम दुखावल्यासारखा झाला. "फसवणूक कसली? वाव होता. भरपूर होता. पुढची तीन-चार वर्षं यात दुप्पट ताकदीचा नवा प्रोसेसर बसत होता, मीच कितीतरी जणांना बसवून दिले. तुम्ही आलाच नाहीत."

तुम्ही आलाच नाहीत. मी त्याला म्हणाले, "ते गेले." त्यानं ब्रश घेतला आणि उगाचच पंख्यावरची धूळ झाडत राहिला. मग खाली पाहूनच बोलला, "त्या काळातला सगळ्यात वरचा एक माझ्याकडे पडून आहे, वापरलेला. बसेल. पण तुमच्या जागी मी असतो तर नसता बसवला. वर्षभर जेमतेम समाधान मिळेल. नवीन घ्या, शहाण्या माणसानं तेच करावं." नवऱ्याचंही तेच म्हणणं, ऑफिसातल्या सगळ्यांचं तेच, आणि मी रोज ज्या खुर्चीत बसून दुसऱ्यांना जुन्या यंत्रणा बदलायचे सल्ले देते, तिथं बसून मीही कुणालाही तेच सांगितलं असतं. माझ्याकडे पैसे होते, अक्कलही होती. पण मला इतका राग आला, बाबा, त्या दुकानाचा, पिना बदलणाऱ्यांचा, तुमचा. एवढा वाव ठेवलात, तो ठेवण्यापायी मला इतकी वर्षं अडखळत खेळायला लावलंत, आणि तो भरायच्या आत निघून गेलात. तुमचं ते पुढचं वर्ष एकदा तरी यायलाच हवं होतं. मी म्हणाले, "बसवा."

त्यानं तो बसवला, वर पेस्ट लावली, पंखा घट्ट केला. बोर्डानं कुरकुर न करता पहिल्याच फटक्यात तो ओळखला. घरी येऊन मी गेम लावला. हे पत्र मी कुठं टाकणार आहे, आईलाही दाखवणार नाही, तेव्हा तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. फारसा फरक पडलेला नाही. घोडा आता हवेत अडकत नाही, पण जमिनीवर आल्यावर अडकतो. मी पडद्याकडे बघत बसले होते तेवढ्यात नवरा चहा घेऊन आला आणि मागे उभा राहिला. "काय, पडला का काही फरक?" त्यानं विचारलं. मी पटकन गेम थांबवला, त्याला दिसू नये म्हणून, आणि म्हणाले, "प्रचंड. बोर्डच तसा आहे."