कोल्डवेलची घोडवाट

हॅलोफर्ड, श्रॉपशायर
३ मार्च २००३

चि. एडविन यास,
अ. उ. आ. वि. वि. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस, म्हणून लिहितेच आहे. गुडघा कसा आहे? समुद्राची हवा मानवते का?

शनिवारी आम्ही कोल्डवेलची घोडवाट साफ केली. आम्ही म्हणजे नेहमीचीच म्हातारी फौज: मी, नेस्टा प्रोसर आणि गावातले दोघे-चौघे. वादळात आडवं पडलेलं झाड कापलं, काटेरी वेली तोडल्या, चर मोकळा केला. नेस्टाच्या तट्टानं, पिपिननं, तेवढ्यात आमची सँडविचेस संपवली. हसत हसत वर तुमच्या शेताच्या फाटकाशी पोचलो, तर फाटकाला नवी साखळी आणि कुलूप.

ह्यू घरातून आला. टोपी काढून नीट बोलला. म्हणाला, "आत्या, शेत माझं आहे. यापुढे इथून घोडे जाणार नाहीत." तुझा मुलगा आहे, म्हणून मी करवत उचलून परत फिरले.

आता जिल्ह्याकडून चौकशी होणार आहे. मालकाला न विचारता लोक वीस वर्षं जात असतील तर वाट सगळ्यांची ठरते; मालकाच्या परवानगीनं जात असतील तर नाही. बाबा काय म्हणायचे ते तुला आठवत असेलच: वाट आपली नाही, आपण नुसते तिच्या कडेला राहतो. त्यांच्यामागे जन्मभर ते शेत तू केलंस, मग ह्यूला दिलंस. मी लग्न होऊन गेले, माझ्या शब्दाला कितीसं वजन? तू येऊन सांग, की कुणी कधी विचारून गेलं नाही. डॅमसन आलुबुखारांचा मुरंबा वेगळा पाठवते आहे, पुरवून खा. लोभ आहेच.

तुझी ताई,
हेस्टर

सिडमथ, डेव्हन
१९ मार्च २००३

ती. ताईस,
सा. न. वि. वि. मुरंबा पोचला आणि संपलाही. या वयात करवत घेऊन झाडाशी झटणारी तू, आणि मला गुडघ्याचं विचारतेस!

ह्यूशी बोललो. तू त्याच्यावर रागावू नकोस. दोन वर्षांपूर्वी लाळ्या-खुरकूत आली तेव्हा त्याचा सगळा कळप सरकारी माणसांनी त्याच्यादेखत मारून जाळला. निरोगी गायीसुद्धा. तेव्हापासून तो गोठ्यात पाय टाकत नाही. आता एक कोंबडीवाली कंपनी जमिनीवर शेड उभारायला तयार आहे. पण मधून लोकांची वाट असेल तर त्यांना जमीन नको. पोर कात्रीत सापडलंय.

तरी तू काळजी करू नकोस. मी चौकशीला येईन आणि आहे तेच सांगेन. नेस्टाला म्हणावं, पिपिनला माझ्यातर्फे एक गाजर. तुझा लोभ आहे तसाच राहू दे.

एडविन

सिडमथ
२ ऑक्टोबर २००३

ती. ताईस,
सा. न. वि. वि. परवा चौकशी संपल्यावर सभागृहातून तू माझ्याकडे न बघता बाहेर पडलीस. मीही हाक मारली नाही.

बाबा प्रत्येकाला हो म्हणायचे, मीही म्हणायचो, लोक विचारूनच जायचे, असं मी सांगितलं. कुणीही कधी विचारलं नाही, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. पण ह्यू माझ्या शेजारी बसला होता, ताई. तुला मूल असतं तर कळलं असतं, असं लिहिणार होतो. ते लिहिणं बरं नाही. उत्तर पाठव. शिव्या दिल्यास तरी चालेल.

एडविन

हॅलोफर्ड
११ जानेवारी २००४

एडविन,
निकाल लागला. वाट बंद. तुझी साक्ष जुन्या मालकाची म्हणून ग्राह्य धरली, माझी माहेरच्या आठवणी म्हणून बाजूला ठेवली. लिहिणार नव्हते, पण हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

वाट बंद झाल्यावर पलीकडच्या कुरणांकडे जायला मोठा रस्ताच उरला. गुरुवारी सकाळी धुकं होतं. वळणावर मागून आलेल्या ट्रकनं नेस्टा आणि पिपिनला उडवलं. नेस्टाचं कंबरेचं हाड मोडलं. पिपिन तिथेच पडून तडफडत होता. धडक ऐकून मी धावत गेले आणि गुरांचे डॉक्टर येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून बसले. मग डॉक्टरांनी त्याला गोळी घातली. नेस्टा रस्त्यावर पडल्या पडल्या मला विचारत होती, तो उठला का. मी हो म्हणाले.

हेस्टर

सिडमथ
६ जून २००४

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तोंड नव्हतं. आजही गरज आहे म्हणूनच लिहितो.

ह्यूनं सगळं विकलं, शेताकडेचं छोटं घरसुद्धा. ते मला देईन म्हणाला होता. तो स्पेनला गेला. पत्ता पाठवतो म्हणाला, अजून आलेला नाही. गुडघ्यानं मला इथला जिना चढवत नाही. चौकशीत मी बोललो ते त्याच्यासाठी, आणि आता विचारायला तूच उरलीस. तुझ्याकडे येऊ का?

एडविन

हॅलोफर्ड
१२ जून २००४

एडविन,
ये. खालची खोली झाडून ठेवली आहे. बाबा असते तर त्यांनीही तुला ठेवून घेतलं असतं. त्यांच्याएवढं मन माझं नाही, पण खोली आहे.

एक सांगून ठेवते. नेस्टा कुबड्यांवर का होईना, रोज दुपारी माझ्याकडे चहाला येते. ते बंद होणार नाही. गावात सगळे तुला खोटारडा म्हणतात, ती एकटी म्हणत नाही. तिला वाटतं, वयामुळे तू विसरला असशील. एडविन चांगला माणूस आहे, असं ती अजून म्हणते. मी आजवर तिचा तो समज मोडलेला नाही, आणि ते काही तुझ्या भल्यासाठी नाही. आता तू रोज तिच्यासमोर बसशील. तिला काय सांगायचं, ते तुझं तू बघ.

हेस्टर