मनमाडहून परत आलेली मोसंबी

मंगळवार, संध्याकाळ

१. ब्रॉडगेज, म्हणजे मोठ्या गाडीचा रुंद रूळ, इथवर आला तर इथल्या व्यापाराला काय फायदा, हा माझा हिशेब आज ऑफिसात साहेबांपुढे मांडला. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं.
२. मग माझ्याच ऑफिसातल्या नंदाने साहेबांपुढे दोन मोसंब्या कापल्या. एक तिच्या मामाच्या गंगापूरच्या बागेतून थेट आणलेली. दुसरी त्याच बागेतली, पण मनमाडला छोट्या गाडीतून मोठ्या गाडीत माल चढवताना दबली म्हणून परत आलेली.
३. साहेबांनी ठरवलं: ब्रॉडगेजची मागणी मांडायला मुंबईला रेल्वेच्या समितीपुढे नंदा जाणार.

माझ्या हिशेबात हेच तर होतं. मनमाडची नासाडी थांबणं, हाच सगळ्यात मोठा फायदा. मग मला मोसंबी का सुचली नाही?

बाहेर आल्यावर नंदा म्हणाली, "ताई, तुझं गणित लई भारी. पण साहेबाला झोप यायला लागली व्हती."

मी हसले. तिचा हेवा वाटत नाही, असं लिहिणार होते. वाटतो. दुपारपासून दुसरं काही वाटलेलंच नाही.

दबलेली मोसंबी ती माझ्याच टेबलावर ठेवून गेली. घरी आणून नीट पाहिली. एकच बाजू खराब होती, बाकी गोड. नंदाने तेवढीच बाजू दाखवली. समितीत कुणी विचारलं, नेमकं किती वाया जातं, तर ती काय सांगणार?

साहेबांना उद्या द्यायची चिठ्ठी:
"मोसंबी नंदाच कापेल. नुकसान किती, ते मी सांगेन. दोघींना पाठवता का, ते कृपया शुक्रवारपर्यंत कळवावे."