तुझ्या पाळण्यातली जागा

माय, तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते. आता माझे केस तुझे कधी झाले नाहीत इतके पांढरे झालेत. सांगण्यासारखं पुष्कळ साचलंय, पण आज लिहायला बसलेय ते तुझ्या पाळण्यापुरतं.

मुंबईला गिरणीत असलेल्या मामानं तुला रेकॉर्डच्या कंपनीत नेलं, तेव्हा मी पाचेक वर्षांची असेन. परभणीहून गाडीत बसून गेलो, तू मांडीवर भाकरीचं फडकं धरून, मी खिडकीला. त्या कंपनीतली थंडगार खोली मला अजून दिसते. काचेच्या पलीकडं तू उभी, अलीकडं मी मामाशेजारी उंच स्टुलावर. निंदताना, दळताना म्हणायचीस तोच पाळणा तू म्हणतेस, ‘दार लोटू नको गं, बाप यायाचा हाय’, आणि मला झोप यायलीय. दुसऱ्यांदा तीच ओळ येते. ‘दार लोटू नको गं’ एवढं म्हणतेस आणि काचेतून तुला दिसतं, पोरगी कलंडायलीय. तू थांबतेस. मामा मला धरतो. मग उरलेली ओळ तू म्हणतेस, पण आवाज जरा खाली उतरलेला. पेटी वाजवणाऱ्या साहेबांना ती थांबायची जागा फार आवडली. पुन्हा म्हणायला नको, हेच राहू द्या, म्हणाले. परतीच्या गाडीत तू मला पोटाशी घेऊन बसली होतीस. म्हणालीस, “पडली असतीस तर गाणं टाकून आले असते मी.”

कंपनीनं तुला गाण्याची एक तबकडी दिली, पण आपल्याकडं वाजवायचं यंत्र नव्हतं. वस्तीत लग्न असलं की लाउडस्पीकरवाला यायचा, त्याला तू ती तबकडी काढून द्यायचीस आणि स्वतः मांडवामागं भाकरी थापत बसायचीस. सगळ्या रानावर तुझा आवाज जायचा आणि तू चुलीतली लाकडं सारायचीस, जसं काही दुसरंच कुणी गातंय. मग विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, आणि आपली वस्तीही. आपण ज्वारीत लपून धूर बघितला. घरात होतं नव्हतं ते गेलं, त्यात तबकडी. परभणीला एका खोलीत आलो. तू बांधकामावर जायला लागलीस. एकदा मी पाळणा म्हण म्हटलं, तर तगारी पालथी घालत म्हणालीस, “गळा तिकडंच राह्यला, बाई.” पुढं कावीळ झाली तुला. पाळणा मी तुझ्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

तू गेल्यावर मामीनं मला जवळ ठेवून शिकवलं. कृषी विद्यापीठात बियाणं तपासायच्या खोलीत कामाला लागले. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, किती उगवले ते बघायचं. दिवसदिवस बोलायला कुणी नाही, आणि मला ते सोसायचंही. एक दिवस स्टेशन रोडला कॅसेटच्या दुकानावरून जाताना तुझा पाळणा कानावर आला. मी सायकल तिथंच टाकून पायरीवर उभी राहिले. आवाज तुझा नव्हता. दुकानदारानं सांगितलं की कंपनीला पंचवीस वर्षं झाली, म्हणून जुनी गाणी नव्या लोकांकडून म्हणवून घेतलीत, कॅसेट लय खपायलीय. गाणारी पुण्याची होती, गळा गोड, तुझ्याहून तयारीचा. कॅसेटच्या कव्हरावर गाण्यापुढं तुझं नाव नव्हतं, ‘पारंपरिक’ लिहिलं होतं. मी निघणार तेवढ्यात ती म्हणाली, ‘दार लोटू नको गं’, आणि थांबली. तुझ्याइतकीच थांबली, आणि आवाज तसाच खाली उतरवला. मी ती कॅसेट विकत घेतली.

पुढं ती परभणीला कार्यक्रमाला आली. दुपारी मांडवात माईक बघायलेत, तेव्हा मी जाऊन भेटले, कुणाची कोण ते सांगितलं. तिनं मला जवळ बसवलं, चहा मागवला. म्हणाली, कंपनीनं जुनी तबकडी ऐकवली होती, त्यातली ती थांबण्याची जागा गळ्यावर चढायला फार दिवस लागले, ‘काय विचार करून घेतली असेल तुमच्या आईंनी’. मी सांगितलं. स्टूल, काच, मामा, सगळं. तिनं कप खाली ठेवला आणि विचारलं, “मग मी ती घेऊ का?”

“तुमचं तुमी बघा,” मी म्हणाले.

संध्याकाळी मैदान भरलं होतं. मी कडेला बसले. तिनं पाळणा घेतला, आणि ती ओळ सरळ, एका दमात म्हणून टाकली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खाली उतरल्यावर तिनं माझे हात धरले. “ती तुमच्या दोघींची आहे. मला घेववली नाही,” म्हणाली. किती मनापासून म्हणाली, माय. मी मान हलवली. तुझी तबकडी कंपनीत अजून असेल का, एवढंच विचारलं. चौकशी करते म्हणाली आणि केलीही तिनं, महिन्याभरानं निरोप आला. कंपनी दुसऱ्यानं घेतलीय, जुना माल कुठं गेला, कुणाला ठाऊक नाही.

कार्यक्रमातून चालत खोलीवर आले तेव्हा वाटलं, आपणच सांगायला नको होतं. तिला ठाऊक नव्हतं तोवर ती गावोगाव थांबत होती, आणि गावोगावची माणसं तिच्यासंगं घटकाभर श्वास धरत होती. आता त्या थांबण्याला मी एकटी उरले. पण तिनं विचारल्यावर ‘घ्या’ म्हणायला माझी जीभ रेटली नाही, तेही खरंच.

तिची कॅसेट मी झिजेपर्यंत ऐकली. हे कागद कुठं धाडायचे नाहीत, म्हणून लिहिते. तू काय काय बोलायचीस ते मला शब्दन्‌शब्द ठाऊक आहे, माय, पण तुझा आवाज आठवत नाही. डोळे मिटून बसले की तू बोलतेस, आणि ऐकू येतो तो तिचा.