कारभारी पाणी पीत नाही

४ मार्च

चि. छोटीस,

अ. आ. तुझा प्लास्टरमधला पाय काय म्हणतो? कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरणीला अखेर एका कुत्र्यानंच जिन्यावरून खाली आणलं, हे मी दुकानात येईल त्याला रंगवून सांगतो. तुझी वहिनी म्हणते, तुमची बहीण आहे, जरा लाज बाळगा. मी म्हटलं, बहीण आहे म्हणूनच.

बाइंडिंगचं काम भरपूर आहे. लायब्ररीची जुनी पुस्तकं आली आहेत. मी पुठ्ठे कापतो, डिंक लावतो आणि तुझी वहिनी पानांचे जुजबंद, म्हणजे घडी घातलेले गठ्ठे, शिवत बसते. दिवसाकाठी सुई दहादा तिच्या बोटात जाते आणि दहादा बोलणी मला बसतात.

एक काम आहे. कारभाऱ्याचं काहीतरी बिघडलंय. गेल्या वर्षी न बोलावता दुकानात शिरून कागदाच्या कातरणांवर जो कुत्रा पसरला तो, तुला ठाऊकच आहे. येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करतो म्हणून कारभारी. तुझ्या वहिनीनं त्याला अजून माफ केलेलं नाही. डिंकात कुत्र्याचे केस निघाले की एक तर तो राहील नाहीतर मी, असं ती आठवड्यातून एकदा तरी ऐकवते. मागच्या महिन्यात गल्लीत मारामारी करून कान फाडून आला होता, तो कान भरला. पण परवापासून खाणं बंद आहे. जबडा लोंबतो, लाळ गळते, भुंकला तर आवाज भलताच घोगरा येतो. पाण्याच्या भांड्यात तोंड घालतो, पण पाणी काही आत जात नाही.

मला वाटलं, घशात हाड अडकलं. गोळी द्यायची तू शिकवली होतीस तसा वरचा जबडा धरला आणि हात पार आतपर्यंत घातला. हाडबीड काही नाही. बिचारा चावलाही नाही, दात तेवढा बोटाला घासला. कागदाच्या चिरा माझ्या बोटांना नेहमीच्याच, त्यात आणखी एक. घसा सुटायचं काही औषध असेल तर कळव. लशीचं म्हणशील तर ती तूच टोचली होतीस. आठवतं ना, प्रवासानं दमून तू दुपारी झोपलीस आणि पाहुणे आले? तुझ्या थर्मासमधल्या बर्फाचं आम्ही लिंबाचं सरबत केलं. लशीची बाटली मात्र जपून परत ठेवली आणि तुला थर्मास रिकामा वाटू नये म्हणून वर नळाचं पाणी घातलं. आम्हीही काही कमी हुशार नाही!

पायाला जप. सवडीनं उत्तर दे, पण दे.

तुझा,
दादा

६ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. शेजारच्या स्टेशनरीवाल्यांकडे फोन करून दिलेला निरोप पोचला असेलच. दादाला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात पाठवा आणि कुत्र्याला कोणी हात लावू नका, एवढंच त्यांना सांगितलं. सगळं त्यांना सांगता येत नाही आणि तुला फोनवर ऐकू आलं नाही की तू बरं बरं म्हणून मोकळा होतोस. म्हणून हे पत्र.

दादा, हाड अडकलेला कुत्रा पंजानं तोंड ओरबाडत राहतो. जबडा लोंबणं, आवाज बदलणं, पाणी न गिळता येणं हे वेगळंच आहे. कारभारी पिसाळला असण्याची दाट शक्यता आहे. पिसाळलेला म्हटलं की चावत सुटलेला कुत्राच डोळ्यांसमोर येतो, पण काही असे गप्प पडून राहतात. घरच्यांना त्यांची दया येते आणि ते हाड शोधायला हात घालतात. तुझं पत्र वाचताना त्या ओळीशी आले आणि तशीच लंगडत फोनकडे गेले.

बर्फाचं सरबत केलंत हे मला आज कळलं. तो बर्फ लशीसाठी होता. उष्णतेनं लस वाया जाते. थर्मासमध्ये पाणी दिसलं तेव्हा मला वाटलं, बर्फ नुकताच वितळला असेल. त्या लशीवर आता मुळीच विसंबू नकोस. तुमच्यावर रागावले नाही, रागावायला वेळच नाही.

जखमा साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं धू. एक इंजेक्शन जखमेच्या आसपास देतील, बाकीची दंडात, सांगतील त्या त्या दिवशी. एकही चुकवू नकोस. वेळेवर घेतलीस तर वाचशील. आजार एकदा सुरू झाला की त्याला औषध नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. कारभाऱ्याला मागच्या खोलीत बंद करा, काय द्यायचं ते काठीनं आत सरकवा. तुमच्या तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरांशी मी बोलले आहे, ते येतील. आणि हे कळव की घरात आणखी कोणी त्याला हात लावला का, त्याची लाळ कोणाला लागली का.

पाय मोडला नसता तर हे पत्र पोचायच्या आधी मी पोचले असते. प्रेम आहे म्हणून धाक घालतेय, रागावू नकोस.

तुझी,
छोटी

९ मार्च

चि. छोटीस,

अ. आ. तुझ्या निरोपानं शेजाऱ्यांची पाचावर धारण बसली. ते मला रिक्षात घालून स्वतः हॉस्पिटलात घेऊन गेले. जखमेतलं इंजेक्शन भलतंच दुखलं. दंडातली दोन झाली, पुढच्या तारखा भिंतीवर टांगून ठेवल्या आहेत.

कारभारी आज सकाळी गेला. डॉक्टर आधी म्हणत होते की झोपेचं इंजेक्शन देऊन मोकळं करू. मी एक दिवस मागून घेतला. मूर्खपणाच केला म्हण. खिडकीतून बघत बसायचो. मागचे पाय आधी गेले, मग तो उठलाच नाही. लाळ एवढी गळायची, पण हनुवटी मात्र कोरडी दिसायची. मला वाटायचं, सुधारतोय. डॉक्टर हातमोजे घालून आले आणि तपासणीला पाठवायचं ते घेऊन गेले. उत्तर यायचं आहे.

दुकान बंद आहे. डिंक भांड्यात वाळून गेला. तुला म्हणून सांगतो, काल पाण्याचा पेला हातात घेतला आणि उगाचच वाटलं की घसा आवळतोय. हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर काही होत नाही, ही नुसती भीती आहे. नुसती म्हणे! कुत्रा गेला, आता तरी खूश ना, असं मी तुझ्या वहिनीला म्हणालो, तर उठून आत निघून गेली. बायकांचं मला कधी कळलंय?

आठवण काढत जा. सध्या त्याचाच आधार आहे.

दादा

११ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून रडले आणि मग पुन्हा वाचलं. घसा आवळतोय असं वाटणं ही भीतीच आहे, डॉक्टरांचं खरं आहे. पाणी पीत राहा.

इकडे पाय स्टुलावर ठेवून दवाखाना चालवते आहे. काल डोळे न उघडलेली मांजरीची पिल्लं आली, मग पहिल्या लशीला एक लठ्ठ पिल्लू, मग एक म्हातारी मांजर, जिचे दात सगळे हलताहेत आणि जी तरीही मला चावली. पिल्लाला टोचायच्या आधी मी बर्फाचा डबा तीनदा उघडून बघितला. मालकीणबाईंना वाटलं असेल, डॉक्टरीण बावचळली.

आता नीट वाच. मी विचारलं होतं की आणखी कोणाचा हात लागला का. तू त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस. आणि लिहितोस की हनुवटी कोरडी होती. दादा, ज्या कुत्र्याचा जबडा लोंबतोय, त्याची हनुवटी आपोआप कोरडी राहत नाही. ती कोणीतरी पुसत होतं. तू नाहीस, तर घरात दुसरं कोण आहे? शेजाऱ्यांच्या फोनवर हे विचारण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. वहिनींना समोर बसवून विचार. आजच विचार. त्यांना बोलायचं नसेल तर मला लिहायला सांग, पण वेळ घालवू नका.

जीव टांगणीला लागलाय. लवकर उत्तर हवं, एवढीच माया मागते.

छोटी

१३ मार्च

चि. वन्संना,

अ. आ. यांनी तुमचं पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि दुकानात जाऊन बसले. म्हणून मीच लिहायला घेतलं.

पुसत होते ती मीच. हे दुपारी जेवून पडले की मी मागच्या खोलीचं कुलूप काढायची. काठीनं ढकललेलं भांडं तसंच भरलेलं असायचं. तो नुसता बघायचा. मला राग होता तो त्याच्या केसांचा, त्याचा नव्हता, हे यांना कधी समजलंच नाही. दुधात कापड भिजवून त्याच्या गालाच्या आत पिळायची, बोटानं थोडं आत लोटायची. घोटभर गेलं असं वाटलं की बरं वाटायचं. मनात म्हणायची, दूध पोटात गेलं तर ते दुखणं नसेलच. सांगितलं असतं तर डॉक्टरांनी त्याच दिवशी त्याला झोपवलं असतं.

हात धुतले, साबणानं धुतले. पण माझी बोटं तुम्हाला माहीत आहेत, सुईनं भोकं पडलेली. त्याच बोटांनी. तेव्हा डोक्यात आलं नाही असं नाही. आलं आणि मी ते बाजूला सारलं. आता रोज बोटं बघत बसते, कुठलं टोचलेलं कधीचं ते ओळखू येत नाही.

वन्सं, मला फार भीती वाटते. यांच्यासमोर बोलवत नाही, कारण यांना आधीच पाणी जात नाही. फार उशीर झाला का? खरं ते लिहा, मन राखायला लिहू नका.

तुमच्या पायाला आराम पडो. तुमची आस धरून बसले आहे.

वहिनी

१५ मार्च

सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि. शेजाऱ्यांकडे फोन केला तेव्हा समजलं की तू लिहिलेलं वाचून दादा तुला घेऊन कालच हॉस्पिटलात गेला. देव पावला. आज तुला अगं-तुगं करते आहे, थोरपणाचं नंतर बघू.

तुमच्या तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरांचा फोन आला होता. तपासणीचं उत्तर आलं. कारभारी पिसाळलेलाच होता.

तू खरं विचारलंस. उशीर झाला, पण फार झाला नाही. आजार सुरू व्हायच्या आत इंजेक्शनं पडली की ती काम करतात. तुला काही झालेलं नाही, म्हणजे अजून वेळ आहे. मला आधीच टोचून ठेवलेलं आहे, आमच्या धंद्यात ठेवतातच. तुम्हा दोघांना का टोचून ठेवलं नाही, या विचारानं माझं डोकं फुटायची वेळ आली आहे. एकही तारीख चुकवू नकोस. दंड सुजला तरी जा, ताप आला तरी जा.

दूध पाजलंस म्हणून तुला बोल लावणार नाही. माझ्यासमोर दिवसभर जे येतात त्यांच्यात असं करणारी माणसं थोडीच असतात. पण वहिनी, पुन्हा कधी मला न विचारता करू नकोस गं.

तुम्ही दोघं मला हवे आहात, बाकी काही नको.

छोटी

२ सप्टेंबर

चि. छोटीस,

अ. आ. पाय मोकळा झाला असला तरी जिने जपून उतर. दोघांची इंजेक्शनं कधीच पुरी झाली, हे तुला माहीतच आहे. लायब्ररीची पुस्तकं देऊन झाली. हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले की आता काळजीचं काही कारण नाही. आम्ही माना डोलावतो, घरी येतो आणि पुन्हा काळजी करतो. काहींना हा आजार महिन्यांनी, क्वचित वर्षानं उठतो, असं दवाखान्याच्या बाकावर कोणीतरी तुझ्या वहिनीला ऐकवलं. त्या माणसाचं तोंड मला दिसायला हवं होतं.

ठरवलं असं काहीच नाही, पण रोज सकाळी ती दोन पेले पाणी आणते. आधी ती पिते आणि मी तिच्या गळ्याकडे बघतो. मग मी पितो आणि ती माझ्या गळ्याकडे बघते. मग ती शिवायला बसते, मी पुठ्ठे कापायला. सुरुवातीला मी गंमत केली होती की लग्नाला इतकी वर्षं झाली, आत्ता कुठे तू माझ्याकडे बघायला लागलीस. हसली, पण पेला रिकामा होईपर्यंत नजर काढली नाही.

काल पिताना तिला ठसका लागला. हातातला पेला पडला. जमिनीवर पसरलेल्या पाण्याकडे बघत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मग तिनं दुसरा पेला भरला, माझ्या डोळ्यांत बघत घोट घोट सगळा प्यायली आणि उलटा करून दाखवला. साधा ठसका होता, म्हणाली. मी हो म्हटलं. कात्री उचलली, तशीच खाली ठेवली आणि कापायचं काम दुपारवर टाकलं.

आज सकाळी तिनं पुन्हा दोन पेले आणले.

तुझी माया आम्हाला लागतेच, ती अशीच राहू दे.

दादा