मामाची शीळ

ता. ९ मार्च

चि. चिमणीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पुढचा प्रवास सुखरूप झाला, आईला कळव. मी मात्र ठीक नाही. मला लाज वाटते आहे, आणि तोंडावर सांगायची छाती झाली नाही म्हणून हे पत्र.

वाट वाकडी करून तुझ्याकडे, तुमच्या प्राण्यांच्या केंद्रावर, चार दिवस राहिलो. जखमी प्राणी कुठे बरे होतात, दुर्मिळ पक्ष्यांची पिल्लं वाढवून रानात कशी सोडता, सगळं तू हौसेनं दाखवलंस. क्रौंचाच्या पिल्लापाशी मात्र तू पांढरा झगा चढवलास, तोंड झाकलंस, हातात क्रौंचाच्या डोक्याचं बाहुलं घातलंस आणि मुकी झालीस. त्याला माणसाची ओळख झाली तर ते माणसांमागेच धावेल, रानात टिकणार नाही, हे आधीच बजावलं होतंस. जन्मात कधी गप्प न बसलेली आमची चिमणी अंडं फुटल्यापासून त्याच्यापाशी अवाक्षर बोलली नाही, याचं मला हसूच येत होतं.

तू खाणं आणायला गेलीस आणि मी शीळ घातली. तीच, तुम्हा पोरांना अंथरुणातून उठवायची. पिल्लानं मान वर केली, कुंपणाशी धावत आलं, पंख पसरून नाचलं. मला कोण आनंद! मग रोज सकाळी तुम्ही कामात असताना चोरून जात राहिलो. शीळ घालायची, वर 'ये रे बाळा' म्हणायचं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला तुझ्या शब्दांची रास पुरली नाही.

शेवटच्या दिवशी चहाला तुमच्या मोठ्या बाईंनी विचारलं, की पिल्लू माणसाचा आवाज आला की धावतंय, हे कुणाचं काम? तू मान खाली घालून म्हणालीस की माझंच काहीतरी चुकलं असेल. आणि मी, सख्खा मामा, समोर मूग गिळून बिस्किट बुडवत बसलो.

बाईंना सगळं खरं लिहिलं आहे. माझ्यावर हवी तेवढी रागाव, पण बोलणं टाकू नकोस.

तुझा,
शरमलेला मामा

ता. १८ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी चिडले, मग रडले. बाईंनी माझ्यावरचा ठपका काढला. पण पिल्लू आता रानात जाणार नाही. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही, मामा. ते जन्मभर इथेच, जाळीच्या आत राहील.

आता त्याच्याशी बोलायला बंदी नाही. मी झगा न घालता आत गेले आणि इतके महिने पोटात साठलेलं भडाभडा बोलले. आवाजाला ते धावत आलं, पण मला पाहताच घाबरून कोपऱ्यात गेलं. माझं तोंड त्यानं कधी पाहिलंच नव्हतं ना! माझ्या हातचं खातही नाही. तू उभा राहायचास तिथे कुंपणाशी चोच लावून बसतं.

तुझी शीळ घालून बघितली. नुसती हवा निघाली. लहानपणीही मला ती कधी जमली नव्हती, तू किती चिडवायचास.

माझा राग गेलेला नाही. तरी परतीच्या वाटेवर उतर. मला ती शीळ शिकव. आली की मी घालीन, आणि तू तेवढा वेळ गप्प राहा.

रागासकट तुझीच,
चिमणी