वामकुक्षी आणि रफिकची विक्री

घाटनांदूर, गुरुवार, सायंकाळ

आमच्या कंपनीचे गेमयंत्र आजही काचेच्या कपाटात समाधिस्थ. महिनाअखेर एकही न खपल्यास एजन्सी जाणार. समोरचा दुकानदार रफिक प्रतिस्पर्धी कंपनीचे यंत्र धडाधड विकतो. कारण? गावातले प्रथम गिऱ्हाईक माझ्याच दारी आले होते. परंतु शटर ओढून माझी वामकुक्षी चालू होती. ते समोर गेले. आता खेळांच्या डिस्कची अदलाबदल करता यावी म्हणून अखिल ग्राम तेच यंत्र घेते.

आज दुपारी साक्षात माझी कन्या रफिककडून खोका घेऊन आली.

"बाबा, तुमचं घेऊन मी एकटीच कामून खेळू? मैत्रिणींच्या डिस्क त्यात चालत न्हाईत."

पलीकडून रफिक ओरडला, "काका, झाली का झोप?"

कन्येने मला शटर बडवूनच उठवले होते.